काटकसरीचं पक्वान्न

इंग्रजांच्या खाण्याला नावं ठेवणाऱ्यांनी एकदा सफरचंदाचा क्रम्बल खावा. महायुद्धात लोणी, साखर रेशनवर. पारी लाटायची चैन परवडेना, तेव्हा फळांवर नुसता चुरा पसरायची रीत तिथं घरोघरी रुजली. रेशनिंग संपलं ते १९५४ साली! (बँकेत हयात गेलेल्या मला हा हिशेबी गोडवा पटतो.)

नॉटिंगहॅमला लेकीकडे आम्ही दोघांनी खाल्ला, तो ब्रॅम्ली सफरचंदांचा. जवळच्याच साउथवेलचं हे आंबट वाण. आपली सफरचंदं गोड, म्हणून लिंबू पिळावं. मैदा १२० ग्रॅम, थंड लोणी, साखर प्रत्येकी ६० ग्रॅम. बोटांनी चोळावं, मळू नये. चार सफरचंदांच्या फोडींवर पसरून ओव्हनमध्ये १८० अंशांवर चाळीस मिनिटं.

हिला आंबटच आवडायचं. आता एकट्यापुरता करतो, तरी लिंबू सढळ हातानं पिळतो.