टायरच्या अंगावरची अक्षरे

मोटारसायकलचा टायर बदलण्याची वेळ आली की नाही, हे टायरच सांगतो. नक्षीच्या खाचांच्या तळाशी झीज दाखवणारे रबराचे छोटे उंचवटे असतात आणि नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली, की ओल्या रस्त्यावर चाकाखालचे पाणी बाहेर फेकण्याची खाचांची क्षमता जवळजवळ संपलेली असते.

नव्या टायरच्या बाजूवर ‘१००/९०-१७ ५५पी’ असे लिहिलेले असेल, तर १०० ही मिलिमीटरमधील रुंदी, ९० ही रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली उंची आणि १७ हा रिमचा इंचांमधील व्यास असतो. ५५ हा भारांक २१८ किलो वजनाची, तर ‘पी’ हे अक्षर ताशी १५० किलोमीटर वेगाची कमाल मर्यादा दर्शवते. भारांक किंवा वेगमर्यादा वाहन-उत्पादकाने सांगितल्यापेक्षा कमी असलेला टायर स्वस्त मिळाला, तरी तो घेऊ नये.

निर्मितीचा काळ चार अंकांत असतो: ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही कालांतराने कडक होते व त्याची पकड घटते, म्हणून पैसे देण्यापूर्वी हे अंक वाचणे अगत्याचे ठरते.

छापील किमतीत सर्व कर धरलेले असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या टायरांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बसवणावळ मात्र वेगळी असू शकते, त्यामुळे ती आधी ठरवावी आणि टायरचा अनुक्रमांक नोंदवलेले पक्के बिल वॉरंटीसाठी जपून ठेवावे. एवढी काळजी घ्यायची, कारण दुचाकीस्वाराचा जीव तळहाताएवढ्या रबराच्या दोन ठशांवर तोललेला असतो.