रिपोर्ट नॉर्मल, पण दुखणे खरे

दिवाळीच्या सुमारास परभणी जिल्ह्यात कापूस वेचणीला वेग येतो. दिवसभर वाकून अंग दुखले, तरी बहुतेकींचे रात्रीच्या झोपेने उतरते. काहींचे मात्र उतरत नाही. मान, खांदे, पाठ, मांड्या महिनोन्‌महिने ठणकतात. रात्रभर झोपूनही सकाळी अंग जडच असते, साध्या गोष्टी आठवत नाहीत. रक्ततपासणी, एक्स-रे सारे ठीक येते आणि घरचे म्हणतात, 'तुला काही झालेलंच नाही!'

अशा दुखण्यामागे फायब्रोमायल्जिया असू शकतो. यात सांधे झिजत नाहीत, सूजही येत नाही. बिघाड असतो वेदना जाणणाऱ्या मज्जासंस्थेत. रेडिओचा आवाज वाढवून ठेवावा, तसा साधा दाबही मेंदूला वेदना वाटतो. म्हणून रिपोर्टमध्ये काही दिसत नाही; वेदना मात्र खरी असते. स्त्रियांमध्ये हा आजार अधिक आढळतो.

खेड्यांत असे दुखणे नवे नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंचे दुखणे होते. त्यातील अनेकांचे दुखणे ठरावीक सांधेवातात बसत नव्हते.

निदानासाठी एकच अशी तपासणी नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर दुखणे, थकवा आणि ताजेतवाने न करणारी झोप यांवरून डॉक्टर ते ठरवतात. थायरॉइड, रक्तक्षय, 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता आहे का, हेही पाहावे लागते. सांध्यांना सूज, ताप, वजन घटणे किंवा हातापायांत कमजोरी असेल, तर कारण वेगळे असू शकते. तपासणी लांबवू नये.

उपचारात सर्वाधिक भरवशाचा आहे व्यायाम. 'शेतात राबते, आणखी व्यायाम कशाला?' हा प्रश्न रास्त आहे. पण राबण्यात तेच स्नायू तासन्‌तास ताणले जातात. व्यायाम आपल्या बेताने होतो: सुरुवातीला दहा मिनिटे चालणे, मग हळूहळू वाढ. बरे वाटले म्हणून एकाच दिवशी सगळी कामे उरकू नयेत. झोपेची वेळ ठरलेली असावी, संध्याकाळनंतर चहा टाळावा. गरजेनुसार डॉक्टर मज्जासंस्थेवरील औषधे देतात. सलाईन किंवा स्टेरॉइडच्या इंजेक्शनने हा आजार बरा होत नाही. वेदनाशामक गोळ्या सतत घेतल्यास पोट आणि मूत्रपिंडाला धोका असतो.

आजार पूर्ण जाईलच असे नाही, पण आटोक्यात राहतो. त्यासाठी घरच्यांनी दुखण्यावर विश्वास ठेवावा आणि पाण्याचा हंडा अधूनमधून आपणही उचलावा.