रविवारी संध्याकाळी सुरू होणारे दुखणे

काही महिन्यांपूर्वी एका कार्यालयातील आवक-जावक सांभाळणारे कारकून माझ्याकडे आले. वय पंचेचाळीसच्या घरात. डोके जड, छातीत जळजळ, झोप नाही. रक्तदाब थोडा वाढलेला, हृदयालेख मात्र व्यवस्थित. "सुट्टीच्या दिवशी त्रास होतो का?" असे विचारल्यावर ते म्हणाले, "रविवारी दुपारपर्यंत काही नसतं, डॉक्टर. उद्या ऑफिस आहे हे आठवलं की सुरू होतं."

संकट समोर दिसले की शरीर ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते. अंगावर कुत्रे धावून आले तर त्यांचा उपयोगच होतो. पण साहेबांच्या धाकाने रोज आठ तास हीच स्थिती राहिली, तर झोप उडते, रक्तदाब वाढतो आणि कामात लक्ष लागत नाही. मग चुका होतात, चुकांमुळे बोलणी बसतात, बोलण्यांमुळे ताण आणखी वाढतो.

लंडनमधील दहा हजारांवर सरकारी नोकरांची पाहणी १९८५ साली सुरू झाली. आपल्या कामाबाबत ज्यांना स्वतः काहीच ठरवता येत नव्हते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

कामावरचा परिणामही मोजला गेला आहे. ब्रिटनमधील बीटी या टेलिफोन कंपनीच्या विक्री कर्मचाऱ्यांना ऑक्सफर्डच्या संशोधकांनी सहा महिने दर आठवड्याला मनःस्थिती विचारली. २०१९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की आनंदी असताना त्यांची विक्री सुमारे १३ टक्क्यांनी अधिक होती. कामाचे तास वाढले नव्हते. तेवढ्याच वेळात काम अधिक व चांगले होत होते.

म्हणून अधिकारी व दुकानमालकांना माझे सांगणे आहे, की चूक दाखवायची ती चारचौघांत नको. चांगल्या कामाला 'छान झाले' म्हणा. काम कोणत्या क्रमाने करायचे, हे शक्य तिथे करणाऱ्यालाच ठरवू द्या. नोकरी करणाऱ्यांनी डबा टेबलावर फायली उघड्या ठेवून खाऊ नये, सहकाऱ्यांबरोबर बसून खावा. रोज अर्धा तास चालावे.

मात्र छातीत दुखणे 'टेन्शनमुळेच' असे घरच्या घरी ठरवू नका. आधी तपासून घ्या. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर लगेच डॉक्टरांना भेटा. १४४१६ या सरकारी 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

त्या कारकुनांनी धीर करून साहेबांना विनंती केली, की दिवसभर हाका मारण्यापेक्षा कामांची यादी सकाळीच द्यावी. साहेबांनी ती मानली. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे, पण रविवारी रात्री झोप लागते, असे ते परवा सांगून गेले.