गोळीच्या पडद्याआड रजोनिवृत्ती

पाळी वेळच्या वेळी येते आहे ना, मग काळजीचे कारण नाही, ही समजूत आपल्या घराघरांत इतकी मुरलेली आहे की स्त्रीच्या प्रकृतीची निम्मी चौकशी या एका प्रश्नातच संपते. आई मुलीला हेच विचारते, सासू सुनेला हेच विचारते आणि दवाखान्यातील कागदावरही आरंभी हीच नोंद होते. ही समजूत निराधार आहे असे कोणी म्हणणार नाही. बीजांडकोश नीट काम करीत असले की पाळी नियमाने येते, आणि त्यांचे काम मंदावू लागले की ती मागेपुढे होऊ लागते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. परंतु संप्रेरकयुक्त संततिप्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत या खुणेला पुराव्याचे मोल उरत नाही. तिचे बीजांडकोश वयाच्या अडतिसाव्या वर्षीच थकले असले, तरी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव होत राहतो; आणि तिला, तिच्या घरच्यांना, पुष्कळदा तिच्या डॉक्टरांनाही त्याचा पत्ता लागत नाही.

हे कसे घडते ते समजण्यास वैद्यकाचे फार मोठे ज्ञान लागत नाही. सरकारी योजनेतून मिळणाऱ्या ‘माला-एन’चे किंवा अल्प किमतीत विकल्या जाणाऱ्या ‘माला-डी’चे पाकीट हाती घेऊन पाहावे. त्यात २८ गोळ्या असतात. पैकी २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या जातींची दोन कृत्रिम संप्रेरके असतात. उरलेल्या सात केवळ लोहाच्या. या २१ गोळ्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीला गप्प बसवतात, तिच्याकडून बीजांडकोशाला जाणारे आदेश थांबतात आणि त्या महिन्यात बीजांड सुटत नाही. गर्भाशयाचे अस्तर मात्र गोळ्यांतील संप्रेरकांवर थोडेफार पोसले जाते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू होताच आधार तुटून गळून पडते. या रक्तस्रावाला आपण पाळी म्हणतो. पण या व्यवहारात बीजांडकोशाचा काडीचाही वाटा नसतो. तो विश्रांती घेत असो वा कायमचा बंद पडलेला असो, गोळी थांबली की स्राव येणारच.

ही रचना योगायोगाने झालेली नाही. अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी गोळी सिद्ध केली आणि १९६० साली संततिप्रतिबंधासाठी तिला तेथे मान्यता मिळाली. दर महिन्यास काही दिवस गोळी थांबवण्याचा क्रम त्यांनी जाणूनबुजून ठेवला होता. गर्भ राहिलेला नाही याची स्त्रीला खात्री पटावी आणि निसर्गक्रम चालू असल्याचा विश्वास टिकावा, हा त्यातील हेतू. या खंडामुळे प्रकृतीला काही लाभ होत नाही, असे ब्रिटनमधील ‘फॅकल्टी ऑफ सेक्शुअल अँड रिप्रॉडक्टिव्ह हेल्थकेअर’ या संस्थेने २०१९ मध्ये आपल्या मार्गदर्शिकेत स्पष्टच केले.

मी वैद्यकाची अभ्यासक नव्हे, अर्थशास्त्र शिकवणारी आहे. दडपलेली भाववाढ वर्गात समजावून देताना आम्ही नियंत्रित दराचे उदाहरण देतो. दुकानाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला दर महिनोन्‌महिने तोच राहतो. आत धान्य आहे की कोठार रिकामे झाले, हे फळा सांगत नाही. ते कळण्यासाठी दुकानाबाहेरची रांग पाहावी लागते. गोळीवरची पाळी हा असा फळ्यावरचा दर आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो हा की, येथे रांग कोठे पाहायची?

त्याआधी अकाली रजोनिवृत्ती कशाला म्हणायचे ते पाहू. अखेरच्या पाळीनंतर सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. पाश्चात्य देशांत तिचे सरासरी वय सुमारे ५१. भारतात ते ४६-४७ च्या आसपास आढळते. चाळीस ते पंचेचाळीस या वयात ती आली तर तिला लवकरची म्हणतात, आणि चाळिशीच्या आत आली तर अकाली. अकाली गटात शंभरात एक स्त्री असते असे दीर्घकाळ मानले जाई. अलीकडच्या आढाव्यांनी हा आकडा तिनाच्या वर नेला आहे. चाळिशीच्या आतील या अवस्थेला तज्ज्ञ हल्ली रजोनिवृत्ती न म्हणता बीजांडकोशाची अपुरी क्षमता म्हणतात. हा केवळ शब्दच्छल नव्हे. यात बीजांडकोश मधूनच जागा होतो आणि शंभरातील पाच ते दहा स्त्रियांना पुढे आपोआप दिवसही राहतात. कारण पुष्कळदा सापडत नाही. काही वेळा ते गुणसूत्रांत असते, काही वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या ग्रंथींवर उलटते, तर काही वेळा कर्करोगावरील औषधे, किरणोपचार किंवा बीजांडकोशावरील शस्त्रक्रिया त्यास कारणीभूत होते. धूम्रपानाने रजोनिवृत्ती साधारण वर्ष-दोन वर्षे अलीकडे येते.

गोळीमुळे मात्र ती येत नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. तसेच गोळी घेतली म्हणजे तेवढी बीजांडे शिल्लक पडतात, असेही नाही. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख बीजांडे असतात. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि साऱ्या आयुष्यात बाहेर सुटतात ती जेमतेम चारपाचशे. उरलेली जागच्या जागी विरून जातात. आमच्या शास्त्रात यंत्र चालवले नाही तरी घसारा धरावाच लागतो. तसेच हे आहे. गोळी उत्पादन थांबवते, घसारा थांबवीत नाही.

कुणी म्हणेल, पाळी लवकर गेली तर एक कटकट संपली, त्यात एवढे काय? अडतीस-चाळिशीतल्या कितीतरी बायका असे बोलूनही दाखवतात, आणि त्यांच्या कष्टांकडे पाहता ते समजण्यासारखेही आहे. परंतु पाळीबरोबर इस्ट्रोजेनही जाते, आणि ते हाडांचे व हृदयाचे राखणदार असते. ज्या स्त्रीला ते दहा-बारा वर्षे आधीच अंतरले, तिची हाडे तितकी आधी ठिसूळ होऊ लागतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणूनच अशा स्त्रीला, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, ही उणीव औषधाने भरून द्यावी असा वैद्यकाचा सल्ला असतो.

येथे एक बारकावा आहे. जोडसंप्रेरकांची गोळी चालू असेपर्यंत ही उणीव काही अंशी आपोआप भरून निघते. पडदा केवळ झाकत नाही, थोडे राखतोही. खरी हानी पुढे होते. चाळिशी आली, आता गोळी कशाला, म्हणून ती बंद केली जाते किंवा नसबंदीची शस्त्रक्रिया होते. पाळी येत नाही. ‘गोळ्यांचा परिणाम असेल, येईल सावकाश’ अशी समजूत घातली जाते, आणि वर्ष-दोन वर्षे तशीच निघून जातात. याहून अवघड स्थिती त्या स्त्रीची, जिने नोकरीतील बदलीमुळे वा घराच्या हप्त्यांमुळे दुसरे मूल छत्तिसाव्या वर्षापर्यंत लांबवले. तिच्या लेखी वर्षभराची वाट पाहणे ही क्षुल्लक बाब नाही. गोळी सोडल्यावर पाळी सहसा तीन महिन्यांच्या आत पूर्ववत होते. तेवढ्यात ती आली नाही तर, गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून, तपासणीस गेले पाहिजे; सवयीवर आणि वाट पाहण्यावर ते सोडू नये.

आता ती रांग. गोळी चालू असतानाच काही खुणा दिसतात, आणि त्या शोधायच्या त्या लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात. तीन आठवडे बाहेरून मिळणारे इस्ट्रोजेन त्या आठवड्यात बंद होते. ज्या स्त्रीचे स्वतःचे बीजांडकोश काम करू शकतात, तिला हा खंड सहसा फारसा जाणवत नाही. ज्यांचे थकले आहेत, तिच्या अंगातून एकाएकी गरम वाफा निघतात, मान व चेहरा लाल होतो, रात्री घामाने अंथरूण ओले होते, झोप मोडते. आणि नवे पाकीट सुरू होताच सारे शमते. महिन्यामागून महिने असा क्रम दिसला तर त्याची दखल घ्यावी. यासोबत योनिमार्गाचा कोरडेपणा, सांधे दुखणे, धडधड, विसराळूपणा, विनाकारण येणारे रडू हेही असू शकते. पण ही लक्षणे एकेकटी फसवी आहेत. शिक्षिकेने ती पेपर तपासण्याच्या जागरणावर ढकलावीत, कारकून स्त्रीने मार्चअखेरच्या हिशेबांवर, आणि दोघींच्या घरच्यांनी ‘स्वभावा’वर, असेच बहुधा होते. थायरॉईडचा विकार आणि रक्तक्षय यांतही अशी काही लक्षणे असतात, हेही ध्यानात ठेवावे. गोळीवर असताना स्राव कमी होणे किंवा क्वचित न होणे मात्र रजोनिवृत्तीची खूण नव्हे; गर्भाशयाचे अस्तर पातळ झाल्यामुळे तसे होते.

दुसऱ्या साधनांची तऱ्हा निराळी. ‘अंतरा’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आलेले तीन महिन्यांचे इंजेक्शन घेणाऱ्या कित्येक स्त्रियांची पाळी मुळी बंदच होते, त्यामुळे तिचे न येणे काहीच सांगत नाही. त्यात इस्ट्रोजेन नसले तरी गरम वाफाही त्याने कमी होऊ शकतात. संप्रेरक सोडणारी तांबी बसवली तरी पाळी विरळ होते, पण बीजांडकोश बहुधा आपले काम करीत राहतात. ‘छाया’ ही आठवड्याची गोळी, लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेची निर्मिती, संप्रेरक नव्हे. तरीही तिने पाळी लांबते.

खुणा दिसल्या म्हणून कुणी रक्ताची तपासणी करून घेण्यास धावेल, तर तेथेही पडदा आहेच. बीजांडकोश थकला की त्याला जागे करण्यासाठी पिट्यूटरी ग्रंथी एफएसएच हे संप्रेरक वाढत्या प्रमाणात सोडते, आणि त्याच्या पातळीवरून निदान होते. पण जोडगोळी त्या ग्रंथीलाच दाबून ठेवते, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो. गोळी चालू असताना आलेला ‘नॉर्मल’ अहवाल म्हणजे पुन्हा फळ्यावरचा दरच. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी काही आठवडे थांबवून, त्या काळात निरोधसारखे दुसरे साधन वापरून, मग तपासणी करावी लागते. चाळिशीच्या आतील स्त्रीची पाळी चार महिने बंद वा अनियमित असेल आणि एफएसएच २५ एककांच्या वर असेल, तर निदानास तेवढे पुरे, असे २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने ठरवले. पूर्वी महिनाभराच्या अंतराने दोनदा तपासावे लागे. बीजांडांचा साठा सांगणारी म्हणून हल्ली ज्या एएमएच तपासणीची जाहिरात होते, तिच्यावर एकटीवर निदान अवलंबून नाही, आणि गोळीने तिचाही आकडा काहीसा खाली येतो. गोळी आपल्या मनाने सोडू नये हे सांगणे नलगे. मात्र धूम्रपान करणाऱ्या वा रक्तदाब वाढलेल्या पस्तिशीपुढील स्त्रीने ही गोळी घ्यावी काय, हा प्रश्न तर डॉक्टरांना आधीच विचारायला हवा.

आपल्या राज्यात नसबंदीचाच प्रघात, गोळी घेणाऱ्या किती, असा आक्षेप येईल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि गोळी वापरणाऱ्या ५.१ टक्के होत्या. टक्का लहान दिसतो, पण या देशात पाच टक्के म्हणजे कोटीच्या घरातील स्त्रिया. शिवाय पाळीच्या तक्रारींसाठी गोळ्या घेणाऱ्या अविवाहित मुली त्यात धरलेल्या नाहीत. याच पाहणीत एखादीची रजोनिवृत्ती झाली की नाही हे मुख्यतः शेवटच्या पाळीला किती महिने झाले यावरून ठरते. गोळीवरची स्त्री ‘गेल्या महिन्यात’ असे खरे उत्तर देते, आणि आकडेवारीत बीजांडकोश शाबूत असल्याची नोंद होते.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची गोष्ट याच्या नेमकी उलट. बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला आणि शासनाला समिती नेमावी लागली. शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले तर रजोनिवृत्ती त्याच दिवशी येते. ठेवले तरी ते पुढे केव्हा थकले हे सांगायला पाळी उरत नाही. याचा फटका पुढच्या पिढीलाही बसतो. आईची पाळी लवकर गेली असेल तर मुलीची जाण्याचा संभव वाढतो, म्हणून डॉक्टर आईचे वय विचारतात; आणि मुलीपाशी उत्तर नसते. पिशवी काढली एवढेच तिला ठाऊक असते, किंवा हा विषय घरात कधी निघालेलाच नसतो. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, त्या घटनेला शतक उलटले. आणि तरी ही स्थिती आहे.

आशा कार्यकर्त्यांनी साधने घरपोच द्यावीत अशी योजना २०११ मध्ये आली, तेव्हा एका महिन्याच्या गोळ्यांसाठी एक रुपया आकार ठरला होता. अशा योजनांचा हिशेब वाटलेल्या पाकिटांत मांडला जातो. ती घेणारीचे वय पस्तिशी ओलांडून गेले काय, याची त्यात विचारपूस नसते. पस्तिशीपुढील प्रत्येक स्त्रीला पाकीट हाती देताना दोन प्रश्न विचारण्याचा परिपाठ आरोग्य खात्याला विनाखर्च घालता येईल: लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात अंगातून वाफा निघतात का, आणि आईची किंवा बहिणीची पाळी कितव्या वर्षी गेली. एकाचेही उत्तर शंका घेण्याजोगे आले, तर तिला पुढील पाकिटाबरोबर डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्यावी.