घरगुती कॅमेऱ्याचे चित्रण व त्याचे संकलन



कामगार चळवळीतल्या माणसाने सिनेमाच्या भानगडीत कशाला पडावे, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींना पडला असेल. त्याचे उत्तर सरळ आहे. गेल्या वीस वर्षांत आमच्या युनियनच्या कचेरीत जितके कागद साठले तितकेच चित्रणही साठले. गेट मीटिंगा, मोर्चे, कामगार वस्त्यांतल्या नळाच्या रांगा आणि प्रेसवर बोटे गमावलेल्या माणसांच्या जबान्या. यातले बहुतेक सारे मुठीत मावणाऱ्या, घरगुती वापराच्या हाय-डेफिनिशन कॅमेऱ्याने टिपलेले आहे. हल्ली ते काम मोबाइल करतो, पण आत घडते ते दोहोंत जवळजवळ सारखेच. टिपणे कोणालाही येते. परंतु टिपलेल्या सहा तासांतून चारचौघांना दाखविण्याजोगी वीस मिनिटे काढणे, ज्याला सिनेमावाले संकलन म्हणतात, ती विद्या निराळी. तिच्यात यंत्राचा भाग आहे आणि सचोटीचाही आहे. यंत्राचा भाग समजला नाही तर सचोटीच्या भागापर्यंत माणूस पोहोचतच नाही, म्हणून आरंभ यंत्रापासून करतो.

पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही की, आपण कात्री हातात घेण्यापूर्वी कॅमेऱ्याने आपली कात्री चालविलेली असते. थोडा हिशेब करू. हाय-डेफिनिशन चित्राच्या एका चौकटीत आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके असतात. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला अशा २५ चौकटी लागतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरले तर सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ५६० गिगाबाइट इतका ऐवज होतो. उलट १७ मेगाबिटच्या दर्जाने टिपणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याच्या १६ गिगाबाइटच्या कार्डावर दोन तासांचे चित्रण खुशाल मावते. म्हणजे सत्तर-बहात्तर भाग टाकून दिले आणि एक भाग ठेवला. मग पडद्यावर चित्र पुरते कसे दिसते?

ही युक्ती कारखान्यातल्या माणसाला चटकन कळावी, कारण ती मस्टरची युक्ती आहे. समजा, खात्यात पाचशे माणसे आहेत. रोज पाचशे नावे लिहावयाची तर कारकून थकून जाईल. म्हणून एक तारखेला पुरी यादी लिहावयाची आणि दोन तारखेपासून फक्त फरक मांडावयाचा: अमका रजेवर, तमका रात्रपाळीला, बाकी कालच्याप्रमाणे. कॅमेरा हेच करतो. सुमारे अर्ध्या सेकंदातून एकदा तो एक चौकट पुरी लिहितो. मधल्या चौकटींत मागच्या चौकटीपेक्षा काय हलले तेवढेच टिपतो. काही चौकटी तर मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही चौकटींच्या आधाराने लिहिलेल्या असतात. वक्ता बोलतो आहे आणि मागे भिंत आहे, तर भिंत पुन:पुन्हा लिहिण्याचे कारण काय? मोर्चात मात्र सारेच हलत असते, झेंडे, माणसे, धूळ. तेथे फरकांची यादीच इतकी लांबते की ठरलेल्या जागेत मावत नाही. मग कॅमेरा तपशील गाळू लागतो आणि चित्रात चौकोनी ठोकळे दिसू लागतात. मोर्चा टिपताना कॅमेरा तिपाईवर ठेवावा, निदान भिंतीला टेकावा, असे जाणते लोक सांगतात ते एवढ्यासाठी. हात हलला तर न हलणारी भिंतसुद्धा हलते आणि जागा तिच्यावर खर्च होते.

आता या मस्टरमधले सात तारखेचे पान फाडून कोणाच्या हाती दिले तर त्याला त्यातून काय कळणार? मागे जाऊन एक तारखेची यादी काढावी, सहा दिवसांचे फरक लावावेत, तेव्हा सातव्या दिवशी कोण हजर होते ते समजेल. संकलनात नेमके हेच होते. आपण म्हणतो, "येथे काप." ती जागा दोन पुऱ्या चौकटींच्या मध्ये असते. संगणकाला मागे जाऊन सारा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. चित्र अडखळते, आवाज पुढे धावतो आणि आपण संगणकाला शिव्या देतो. संगणक नवा घ्यावा लागतो असे नाही. पुष्कळदा उपाय दुसराच असतो. चित्रणाची अशी एक प्रत करून घ्यावी की जिच्यात प्रत्येक चौकट पुरी लिहिलेली आहे. प्रोरेस आणि डीएनएक्सएचडी ही या जातीची नावे. अशी प्रत जागा फार खाते. जे एक तासाचे चित्रण कार्डावर पावणेआठ गिगाबाइटमध्ये होते ते प्रोरेसच्या नेहमीच्या दर्जात पंचावन्न गिगाबाइटच्या घरात जाते. जागा नसेल तर दुसरी तोड अशी की, कमी दर्जाची हलकी प्रत करून तिच्यावर कापाकापी करावी आणि शेवटचे चित्र बाहेर काढताना प्रोग्रॅमला मूळ चित्रणाकडे वळवावे. ही सोय केडेनलाइव्हसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्येही आहे. मात्र तयार झालेला तुकडा पुन्हा दाबून, त्यातून पुन्हा कापून, पुन्हा दाबून असे करीत बसू नये. कार्बन कागदाखालची पाचवी प्रत ज्यांनी वाचली आहे त्यांना याचे कारण सांगावयास नको.

या कॅमेऱ्यांच्या दोन पिढ्या आपल्याकडे आढळतात. २००३ साली कॅनन, जेव्हीसी, शार्प आणि सोनी या चार कंपन्यांनी एचडीव्ही नावाची पद्धत जाहीर केली. तिच्यात मिनीडीव्हीच्या छोट्या फितीवरच मोठे चित्र बसविले होते. २००६ साली सोनी आणि पॅनासोनिकने एव्हीसीएचडी आणली. तिच्यात फीत गेली आणि कार्ड किंवा डिस्क आली. कार्डवाल्यांसाठी एक इशारा देतो. कार्डात एव्हीसीएचडी, त्यात बीडीएमव्ही, त्यात स्ट्रीम अशी एकात एक खाती असतात आणि सर्वांत आत ००००० वगैरे आकड्यांच्या फायली असतात. पुष्कळ लोक आतल्या फायली तेवढ्या उचलतात आणि बाकीची खाती कचरा समजून पुसतात. लांब भाषण असले की कॅमेरा त्याचे आपोआप तुकडे पाडतो, कारण कार्डावरच्या मांडणीत चार गिगाबाइटपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ते तुकडे कसे सांधावयाचे ते त्या "कचऱ्यात" लिहिलेले असते. तो पुसला की सांध्यावर आवाज तुटू शकतो, आणि हा सांधा भाषणाच्या ऐन रंगात येतो असा माझा अनुभव आहे. सबंध कार्ड जसेच्या तसे उतरवावे, नावेही बदलू नयेत.

दुसरे एक गौडबंगाल रेघांचे. या कॅमेऱ्यांपैकी पुष्कळसे एका सेकंदात पन्नास अर्धी चित्रे घेतात: आधी एकाआड एक अशा विषम रेघा, आणि एक पन्नासांश सेकंदाने सम रेघा. एकाच यंत्रावर दोन पाळ्या म्हणा. जुन्या टीव्हीवर हे खपून जाई. संगणकावर मात्र वक्त्याने हात उगारला की हाताच्या कडेला फणीचे दात दिसतात. बाहेर काढताना प्रोग्रॅमला हे दात काढावयास सांगावे लागते, तेही एकदाच आणि शेवटी. ज्यांचा कॅमेरा अमेरिकेतल्या नातेवाइकाने आणलेला आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी. तो साठच्या हिशेबाने चालतो आणि आपली वीज पन्नासच्या. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकते. शटर एक शंभरांशावर ठेवले की बहुधा थांबते.

आवाजाविषयी थोडक्यात. छोट्या कॅमेऱ्याचा मायक्रोफोन स्वत:च आवाज कमीजास्त करतो. वक्ता गप्प झाला की तो कान टवकारतो आणि पंख्याची घरघर वर येते. म्हणून दोन तुकडे जोडले की पंख्याचा आवाज उडी मारतो. चित्रणापूर्वी त्याच खोलीत अर्धा मिनिट कोणी न बोलता नुसती शांतता टिपून ठेवावी. तीच पुढे सांध्याखाली पसरता येते. शक्य तर बोलणाऱ्याच्या खिशात दुसरा रेकॉर्डर द्यावा, सुरुवातीला एक टाळी वाजवावी आणि नंतर दोन्हीकडची टाळी जुळवावी. चित्र थोडे धूसर असले तर लोक पाहतात. शब्द ऐकू आला नाही तर उठून जातात.

आता ज्यासाठी हा खटाटोप, त्या कात्रीकडे येतो. कॅमेरा जे टाकतो ते डोळ्याला सहसा न जाणवणारे असते. संकलक जे टाकतो ते कोणाचे तरी बोलणे असते. आमच्याकडची एक जबानी सांगतो. पॉवर प्रेसवर दोन बोटे गेलेल्या कामगाराला विचारले, "प्रेसला गार्ड होता का?" तो म्हणाला, "होता." मग तो अकरा सेकंद गप्प राहिला, उरलेल्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाला, "पण माल जास्त निघावा म्हणून काढून ठेवायला लावला होता." हे "होता"पाशी कापले तर ती मालकाची साक्ष होते. मधली अकरा सेकंदे काढली तर वाक्य पढविल्यासारखे सफाईदार होते, आणि आमच्या एका तरुण सहकाऱ्याला तेच पसंत होते, "लोक कंटाळतील" म्हणून. तिसरा मार्ग असा की शांततेवर प्रेसचे चित्र टाकावे, म्हणजे काप झाकला जातो. चर्चा रात्री बारापर्यंत चालली. शेवटी तो तुकडा आम्ही आहे तसा ठेवला आणि तो जेथे दाखविला तेथे त्या अकरा सेकंदांत कोणी खोकलेसुद्धा नाही.

मधले चित्र टाकून काप झाकण्याची ही रीत सर्वत्र चालते. मशीनचे चित्र किंवा गेटचे चित्र पडद्यावर असताना खालचे वाक्य दोन ठिकाणांहून जोडलेले असते आणि पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी तिला पाप म्हणत नाही. भाषणातली पुनरुक्ती काढावीच लागते, आम्हा पुढाऱ्यांच्या भाषणांत तर ती निम्मी असते. परंतु जबानीत काप झाला तर तो दिसू द्यावा, चित्र खुशाल हिसका देऊ दे, असे माझे मत आहे. कारण नुसत्या शेजाराने अर्थ बदलतो. शंभर वर्षांमागे रशियात लेव्ह कुलेशॉव्ह याने एका नटाच्या चेहऱ्याचे एकच चित्र सूपच्या ताटलीशेजारी, शवपेटीशेजारी आणि एका स्त्रीशेजारी जोडून दाखविले. चेहरा तोच होता, पण प्रेक्षकांना त्यात भूक, शोक आणि अभिलाषा दिसली, असे सांगतात. मालकाच्या मोटारीशेजारी कामगाराचा चेहरा जोडताना हे आठवावे.

आणि कात्री कोणाच्या हाती आहे हेही पाहावे. फ्रान्समधल्या बेझान्सों गावी १९६७ साली रोडियासेटा या कृत्रिम धाग्याच्या कारखान्यात संप झाला. ख्रिस मार्कर आणि मारिओ मारे यांनी त्याच्यावर चित्रपट केला. १९६८ साली तो कामगारांना दाखविला, तेव्हा त्यांनी तोंडावर टीका केली. त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी होती की यात बायका फक्त कामगारांच्या बायका म्हणून दिसतात, त्याही कामगार आहेत हे दिसत नाही. मग तिथल्या कामगारांनीच कॅमेरा आणि संकलन शिकून घेतले आणि १९६९ साली आपला चित्रपट तयार केला. त्याच्या मध्यभागी घड्याळाच्या कारखान्यातली एक कामगार स्त्री आहे. त्यांच्या गटाचे नाव मेद्वेद्किन. १९३२ साली आगगाडीच्या डब्यात प्रयोगशाळा थाटून कामगारांचे चित्रण करणाऱ्या आणि ते त्यांनाच दाखविणाऱ्या रशियन दिग्दर्शकाचे हे नाव. त्याला जी आगगाडी लागली ती आज पिशवीत मावते.

कापलेले चित्रण सभेत चालते. कोर्टात मूळ लागते. जालना मतदारसंघातल्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून जो वाद झाला त्यात प्रश्न होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या व्हिडिओ चित्रणाचा. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या यंत्रात मूळ नोंद आहे तेच पुढे आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर ठीक, नाही तर नकलेबरोबर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून तो कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात फाईलचा हॅश आकडाही मागितला आहे. हा आकडा म्हणजे फाईलचा अंगठा समजा. आतला एक ठिपका बदलला तरी आकडा पार बदलतो. तेव्हा अपघाताची जबानी असेल तर कार्ड उतरविल्याबरोबर हॅश काढून तारखेनिशी वहीत लिहावा, मूळ कार्ड पाकिटात सीलबंद करावे आणि दुसरे विकत घ्यावे. ते काही शे रुपयांत मिळते. नुकसानभरपाईचे दावे वर्षानुवर्षे चालतात.

फितीवाल्यांना मात्र घाई केली पाहिजे. एचडीव्हीच्या फितीवर पुरी चौकट दर बारा चौकटींतून एकदाच येते. त्यामुळे फितीला एक चरा पडला तर एक चौकट जात नाही, अर्ध्या सेकंदापर्यंतचे चित्र थिजते. फीत संगणकावर उतरवून घ्यावयाची तर जितक्या तासांची फीत तितके तास लागतात, त्याला फायरवायरची वायर आणि ती जोडावयाची जागा लागते, आणि हल्लीच्या संगणकांत ती जागा नसते. चालू स्थितीतला फितीचा कॅमेराही दुर्मिळ होत चालला आहे. जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या मागच्या बाजूला ती चौकोनी, एका टोकाला निमुळती खाच आहे का ते पाहावे, आणि असल्यास आधी फिती काढून बसावे.