पहिला हात बायकांचा

चैत्री पौर्णिमेच्या सकाळी संगमनेरच्या चंद्रशेखर चौकात रथ सजून उभा असतो. जन्माचं कीर्तन आटोपलेलं असतं, सुंठवडा वाटून झालेला असतो आणि मोठ्या मारुतीच्या देवळासमोर पाय ठेवायला जागा नसते. तरी रथ हलत नाही, कारण पोलीस अजून यायचे असतात. पोलीस ठाण्यातून मानाचा भगवा ध्वज घेऊन अधिकारी वाजतगाजत निघतात, गर्दीतून वाट काढत चौकात पोचतात आणि तो ध्वज रथावर चढतो. मग पुरुष मागे सरतात, बायका पुढे होऊन दोर हातात घेतात. हनुमान जयंतीचा रथ पहिल्यांदा ओढायचा मान या गावात बायकांचा आहे. तो ९० वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे.

महाराष्ट्रात रथ पुष्कळ आहेत. तासगावला पटवर्धनांच्या गणपतीचा रथ आहे, नाशिकला श्रीरामाचा आणि गरुडाचा आहे, जळगावला कार्तिकी एकादशीचा आहे. प्रत्येकाचे मानकरी ठरलेले, मार्ग ठरलेला. दोर ओढायचं काम मात्र बहुतेक ठिकाणी तालमीतल्या गड्यांचं. संगमनेरच्या रथाचं वेगळेपण त्याच्या उंचीत किंवा नक्षीत शोधू नये. ते दोन रिवाजांत आहे, पहिला हात बायकांचा आणि ध्वज पोलिसांचा. या दोन्ही रिवाजांचं मूळ एकाच दिवसात आहे. तो दिवस म्हणजे २३ एप्रिल १९२९, मंगळवार.

त्या काळात मिरवणुका, वाद्यं आणि त्यांचे मार्ग यांवरून मुंबई इलाख्यात जागोजागी ताण होता आणि सरकार मिरवणुकांवर बारीक नजर ठेवून असे. संगमनेरच्या रथावरही इंग्रज सरकारने बंदी घातली. त्या वर्षी बंदी मोडली जाणार, अशी कुणकुण सरकारला लागली असावी, कारण पहाटेपासूनच रथाभोवती पोलिसांचं कडं पडलं. पोलीस पाचशेच्या आसपास होते, असं गावात सांगतात. आकडा थोडा इकडे-तिकडे झाला असेल, पण त्या वेळच्या लहानशा तालुक्याच्या गावात बाहेरून कुमक आणून उभी केलेली ती फौज होती, हे नक्की. पुढाऱ्यांची अधिकाऱ्यांशी बोलणी झाली, ती फिसकटली. रथ ओढला तर खटले भरू, अशी तंबी मिळाली. पुरुष मंडळी पेचात सापडली.

कडं फोडलं ते बायकांनी. झुंबराबाई अवसक पुढे झाल्या आणि त्यांच्यामागे दोनशे-अडीचशे बायका. मारुतीची प्रतिमा रथावर ठेवली गेली, देवाच्या नावाचा गजर झाला आणि दोर ओढला गेला. पोलिसांनी दरडावून पाहिलं, गुन्हे दाखल करण्याची भीती घातली. पण इतक्या बायकांवर भर चौकात लाठी चालवायची, तीही सणाच्या दिवशी, याची तयारी त्या फौजेची नव्हती. रथ निघाला आणि गावातून फिरला.

या घटनेचं मोल कळायला तिच्या आसपासच्या तारखा पाहाव्यात. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बॉम्ब टाकला, त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा अजून मंजूर व्हायचा होता, म्हणजे रथ ओढणाऱ्या कित्येकींची लग्नं त्याहून कमी वयात लागलेली असणार. मिठाचा सत्याग्रह वर्षभर पुढे होता. दांडीयात्रेच्या पहिल्या तुकडीत गांधीजींनी एकाही बाईला घेतलं नव्हतं. बायका मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरल्या, पिकेटिंग करू लागल्या, तुरुंगात गेल्या, ते १९३० सालचं. संगमनेरच्या बायका त्याच्या आधीच्या चैत्रात रस्त्यावर आल्या होत्या. त्यांच्यामागे कुठली परिषद नव्हती, आदेश नव्हता. राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात त्यांना दोन ओळींची जागाही मिळत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि देव कुठला, तर मारुती. ब्रह्मचारी, शक्तीचा, तालमीचा देव. आपल्याकडे गावोगावच्या मारुतीच्या देवळात आजही बायका बाहेरूनच नमस्कार करतात, तेल-शेंदूर लावायचं काम पुरुषांचं समजतात. पारावर बसायची जागाही पुरुषांचीच. त्या देवाचा रथ बायकांनी ओढला आणि गावाने तो प्रकार त्या दिवसापुरता, अडचणीच्या वेळचा म्हणून विसरून टाकला नाही. दुसऱ्या वर्षी पुरुषांनी सहज म्हटलं असतं, आता आम्ही आहोत, तुम्ही घरी जा. बायकांनी संकटात सांभाळलेल्या जागा संकट टळल्यावर अशाच काढून घेतल्या गेल्याची उदाहरणं घराघरांत सापडतील. संगमनेरने तसं केलं नाही. अपवाद म्हणून जे घडलं त्याचा गावाने कायमचा मान करून टाकला. मला या रथाची सगळ्यांत मोठी गोष्ट ही वाटते, १९२९ च्या धाडसाहूनही मोठी. धाडस एका दिवसाचं असतं. दर वर्षी बाजूला सरून वाट देणं हे पिढ्यांचं काम आहे.

रथाचा दोर हा साधा विषय नसतो, हे पुढच्याच चैत्रात ७० किलोमीटरवरच्या नाशिकमध्ये दिसलं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराच्या दारांशी बसलेल्या पहिल्या तुकड्यांत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. ९ एप्रिलला रामाचा रथ निघायचा होता. सवर्ण आणि अस्पृश्य अशा दोघांनी मिळून तो ओढायचा, अशी तडजोड झाली. प्रत्यक्षात सत्याग्रहींचा हात दोराला लागण्याआधीच रथ पळवला गेला आणि दगडफेक झाली. तो सत्याग्रह पुढे पाच वर्षं चालला. एका गावात सरकारने अडवलेला रथ बायकांनी हलवला, दुसऱ्या गावात समाजानेच समाजाचे हात दोरापासून दूर ठेवले. दोन घटनांमध्ये एका वर्षाचंही अंतर नाही. संगमनेरची गोष्ट सांगताना नाशिकची आठवण ठेवावी, कारण दोर कोणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न देवाचा कधीच नसतो, तो माणसांचा असतो.

आता रथ ओढण्याविषयी. लांबून पाहणाऱ्याला हे काम नुसत्या जोराचं वाटतं. खरा जोर लागतो तो पहिल्या हिसक्याला. रात्रभर एका जागी उभा असलेला लाकडी रथ जागचा सुटायला जेवढं बळ मागतो, तेवढं नंतर चालताना मागत नाही. त्यामुळे सगळ्या हातांचा ओढा एका क्षणी पडावा लागतो. कोणी आधी ओढलं, कोणी नंतर, तर दोर नुसता ताणला जातो आणि चाक तसूभरही हलत नाही. म्हणून गजर हवा. 'जय'च्या शेवटच्या अक्षरावर शंभर हात एकदम मागे येतात आणि चाकाखाली खडी कुरकुरते. एकदा रथ सुटला की काम उलटं होतं. उताराला तो अंगावर येऊ नये, वळणावर भिंतीला घासू नये, याची काळजी घ्यावी लागते. चाकाशी लाकडी ठोकळे घेऊन चालणाऱ्यांचं लक्ष गर्दीकडे नसतं, देवाकडेही नसतं, चाक आणि रस्ता यांच्यामधल्या वीतभर जागेवर असतं. जुन्या पेठेतल्या अरुंद गल्लीत रथ शिरतो तेव्हा वरच्या गॅलऱ्यांतून फुलं पडत असतात आणि खाली हे लोक खाली मान घालून चाललेले असतात.

दोराला हात घालणाऱ्या बायकांत सगळ्या वयाच्या असतात. नऊवारीतल्या आजीबाई दोराला नुसता हात लावून कपाळाला टेकवतात आणि बाजूला होतात. मधल्या वयाच्या पदर खोचून खरोखर ओढतात. कॉलेजातल्या मुली भगवे फेटे बांधून, एका हातात मोबाइल धरून येतात. मोबाइलवर नाक मुरडणारे मुरडोत, मला त्यात काही गैर दिसत नाही. १९२९ च्या त्या सकाळचं एक जरी छायाचित्र कोणी काढून ठेवलं असतं तर आज ते आपण काचेत जपलं असतं.

संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या काठचं, पुणे-नाशिक रस्त्यावरचं शहर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती ६५ हजारांच्या घरात होती. शाहीर अनंत फंदी इथले. सहकारी साखर कारखाना, दूध, बाजारपेठ यांवर तालुका चालतो आणि शहरातल्या कित्येक घरांत विडीच्या धंद्यावर चूल पेटत आली. सूप मांडीवर घेऊन, तंबाखू भरून विडी वळायची, दोऱ्याने बांधायची, हे काम प्रामुख्याने बायकांचं. गावाच्या कमाईत बायकांचा हात किती मोठा आहे हे इथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही, आणि रथाचा मान टिकला त्यामागे हेही एक कारण असेल असं मला वाटतं. पुरावा देता येणार नाही, पण ज्या गावात बायका रोज पैसा घरी आणतात तिथे त्यांना मागे व्हा म्हणणं जरा अवघड जातं.

एवढ्या गावाला वसंतातली ही सकाळ म्हणजे वर्षाची मोठी बातमी. पाडव्यापासून ऊन चढत जातं, परीक्षा संपत येतात, लग्नसराईची बस्त्याची गर्दी सुरू होते आणि बाहेरगावी गेलेल्या लेकी रथासाठी माहेरी येतात. दुसऱ्या दिवशीच्या जिल्हा पुरवणीत छायाचित्र असतं, दोर धरलेल्या बायका आणि वर ध्वज. बातमीतली वाक्यं दर वर्षी बहुतेक तीच: ब्रिटिश काळातली बंदी, झुंबराबाईंचं नाव, मानाचा ध्वज. अशा बातमीला शिळी म्हणून कोणी बाजूला सारू नये. शाळेच्या पुस्तकात नसलेला इतिहास इथे वर्षातून एकदा वर्तमानपत्रातून शिकवला जातो, आणि पुढच्या वर्षी नवीन मुलं वाचायला शिकलेली असतात.

पोलिसांच्या ध्वजाचंही तसंच आहे. ज्या खात्याने रथाला कडं घातलं त्याच खात्याच्या अधिकाऱ्याने आज ध्वज आणायचा. स्वातंत्र्यानंतर खातं आपलं झालं, कडं उठलं, पण गावाने ती आठवण पुसली नाही, तिला रिवाजाचं रूप दिलं. नव्याने बदलून आलेल्या अधिकाऱ्याला पहिल्याच चैत्रात कोणीतरी सांगतं, साहेब, ध्वज तुम्ही आणायचा असतो. तो विचारतो, का? मग त्याला सगळी हकिकत ऐकावी लागते. सत्तेने आपल्या जुन्या अडवणुकीची गोष्ट दर वर्षी ऐकून घ्यावी, आणि तीही रागावाचून, प्रेमाने सांगितलेली, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

२०२९ मध्ये या घटनेला १०० वर्षं होतील. समारंभ होतील, मोठ्या कमानी लागतील, भाषणं होतील, ती व्हावीतच. पण त्याआधी एक काम उरकायला हवं. झुंबराबाईंचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, त्यांच्या सोबतच्या आणखी मोजक्या जणींची नावं सांगितली जातात आणि बाकी सगळ्या 'आदी महिला' या दोन शब्दांत जमा झाल्या आहेत. त्या दोनशे-अडीचशे जणी कोणत्या गल्लीतल्या, कोणत्या जातीच्या, कोणाच्या सुना, कोणाच्या आया, हे अजून काही घरांतल्या वयस्क माणसांना ठाऊक असेल. पणजीने रथ ओढला होता, एवढं सांगणारी घरं गावात असणारच. पणजीचं नाव विचारलं की तिथे अडखळायला होतं, कारण तिला सगळे 'आई' किंवा 'आजी' म्हणत आले. लग्नात बदललेलं नाव एक, माहेरचं दुसरं, अशा नोंदी जुळवायला वेळ लागतो. गावातल्या महाविद्यालयातल्या मुलींनी गल्लीगल्लीतून फिरून हे लिहून घेतलं तर दोन उन्हाळ्यांत बरंच हाती लागेल. दुसरा धागा सरकारी आहे. बंदोबस्ताला एवढी कुमक आली म्हणजे हुकूम निघाले असणार, अहवाल गेले असणार. मुंबई इलाख्याच्या गृहखात्याची जुनी दप्तरं मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात आहेत. एप्रिल १९२९, अहमदनगर जिल्हा, असं सांगून तिथे कोणीतरी बसायला हवं.