आधी त्यांचं, मग आपलं

दहावीच्या मराठीत दोन गोष्टी मुलांना वेगवेगळ्या जागी भेटतात. उताऱ्याचा सारांश मूळच्या एकतृतीयांशात लिहायचा, आणि पाठावर ‘स्वमत’ मांडायचं. परीक्षा संपली की दोन्ही मागे पडतात. वृत्तपत्राच्या पुरवणीतला एखादा लेख वाचून काही लिहावंसं वाटतं तेव्हा मात्र हीच दोन कामं एकापाठोपाठ करावी लागतात, आणि बहुतेकांचं घोडं पहिल्यावरच अडतं.

समजा, लेख मुंबईतल्या मुलुंडच्या डम्पिंग ग्राउंडवर आहे. २०१८मध्ये तिथे कचरा टाकणं थांबलं आणि साठलेल्या सुमारे ७० लाख टन जुन्या कचऱ्याची विल्हेवाट लावायचं काम महापालिकेनं हाती घेतलं. लेखकाचं म्हणणं असं, की मोकळी होणारी जमीन उद्यानासाठीच राखावी. सारांशात यायला हवं ते हे म्हणणं, त्याची दोन-तीन मुख्य कारणं आणि त्यांना दिलेला आधार. किस्से आणि वर्णनं खुशाल गाळावीत. लेखकानं घातलेली अट मात्र गाळू नये. ‘काम वेळेत संपलं तर’ असं त्यानं लिहिलं असेल आणि त्यातला ‘तर’ आपण खाल्ला, तर त्यानं न लिहिलेल्याच लेखाला आपण उत्तर देत बसतो. मूळची वाक्यं उचलून एकमेकांना जोडली की मजकूर तोकडा होतो, समज वाढत नाही. म्हणून लेख एकदा मिटून, आठवणीतून लिहावं आणि मग आकडे, नावं मुळाशी ताडून पाहावीत. ‘लेखक म्हणतात’च्या जागी ‘लेखक कांगावा करतात’ आलं, की सारांशात आपलं मत शिरलंच.

मूळ लेखकानं सारांश वाचून ‘हो, मी हेच म्हटलं होतं’ असं म्हणावं, ही एकच कसोटी मला खरी वाटते. शास्त्रचर्चेत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडायची शिस्त होती ती याचसाठी.

पुढचं काम प्रतिसादाचं. त्याचं एक जुनं उदाहरण पाहू. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल १८८१मध्ये शिक्षा झाली. त्यानंतर ‘पुणे वैभव’ या वृत्तपत्रात स्त्रियांना दोष देणारं लिखाण आलं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२मध्ये त्याला उत्तर दिलं ते ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून. स्त्रियांवरचे आरोप त्या एकेक करून समोर ठेवतात आणि हे दुर्गुण पुरुषांत किती आहेत ते दाखवतात. त्यांचा संताप कुठेच लपत नाही, तरी प्रत्येक वार कोणत्या विधानावर आहे ते वाचकाला कळतं. मराठीत प्रतिसाद कसा लिहावा हे शिकवायचं झालं, तर मी हेच पुस्तक पुढे ठेवीन. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुले यांनी १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली.

मुलुंडच्या लेखाला असा प्रतिसाद कांजूरमार्गचा वाचक देऊ शकेल. उद्यान हवंच, हे त्यानं आधी मान्य करावं. मग विचारावं, की मुंबईचा बहुतांश कचरा आता कांजूरमार्गला येतो, दुर्गंधीच्या तक्रारी विक्रोळी, भांडुपपासून थेट मुलुंडपर्यंत होतात, त्याबद्दल लेखात एक ओळही का नाही? हा प्रश्न आधारासह विचारला, तर मूळ लेखकाला दुसरा लेख लिहावा लागेल.